फायलींचं बारसं

घरच्या हार्डडिस्कवरचे सिनेमे टीव्हीवर नीट मांडून दाखवणारी सॉफ्टवेअरं आता बऱ्याच जणांकडे असतात. कोडी, प्लेक्स, जेलीफिन ही त्यातली नेहमीची नावं. त्यांची एक करामत बघणाऱ्याला हमखास आवडते. फोल्डरमध्ये नुसती फाईल टाकायची. मिनिटभरात तिथे सिनेमाचं पोस्टर येतं, साल येतं, दिग्दर्शक येतो, नटनट्यांचे फोटो येतात, दोन ओळींत कथासुद्धा येते. मालिका असेल तर भाग आपोआप ओळीनं लागतात. हे बघून घरातली मोठी माणसं एकच प्रश्न विचारतात, "पण त्याला कळतं कसं?"

प्रश्न फार चांगला आहे. उत्तर असं, की त्याला काहीही कळत नाही. कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असतं.

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि मग ते नाव सगळ्यांचं होतं. फायलींनाही अशा आत्या असतात, फक्त त्या आपल्या ओळखीच्या नसतात. आज या आत्यांची गोष्ट सांगायची आहे. शेवटी थोडं आपल्या घरच्या कामाचंही बोलायचंय, तेव्हा नातेवाईक मंडळींनी मधेच उठून जाऊ नये ही विनंती!

*

गोष्ट सुरू होते गाण्यांपासून. व्हिडिओच्या गोष्टीत गाणी कुठून आली असं वाटेल, पण अनोळखी लोकांनी नावं पुरवायची आणि यंत्रानं ती आणून लावायची, ही पद्धत आधी गाण्यांमध्ये रुळली.

ऑडिओ सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर गाणं अगदी स्वच्छ ऐकू यायचं, पण गाण्याचं नाव तिच्यात नव्हतंच. सीडीच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका असते. तिच्यात गाणी किती आणि कुठलं गाणं कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू होतं एवढंच लिहिलेलं असतं (तेही सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत अचूक!). नाव-गाव सगळं डबीतल्या कागदावर. सीडी प्लेअरवर नुसता '३' आकडा दिसायचा आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. कागद हातात असायचा ना. नावं सीडीतच लिहायची सोय १९९६ साली आली, पण तोवर जगभर कोट्यवधी सीड्या बिननावाच्या निघून गेल्या होत्या.

पंचाईत झाली ती सीडी कॉम्प्युटरमध्ये घालायला लागल्यावर. एवढं मोठं यंत्र, समोर एवढा मोठा पडदा, आणि त्यावर काय दिसतं? ट्रॅक १, ट्रॅक २, ट्रॅक ३.

टी कान नावाच्या एका प्रोग्रॅमरनं युनिक्सवर सीडी वाजवण्यासाठी 'एक्सएमसीडी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. १९९३च्या सुमारास त्यानं त्याला एक यादी जोडली. कल्पना साधी होती. एका सीडीवर बारा गाणी असतील, तर त्यांच्या सुरू होण्याच्या वेळा दुसऱ्या सीडीशी सहसा जुळत नाहीत. म्हणजे अनुक्रमणिका हाच त्या सीडीच्या अंगठ्याचा ठसा. त्या वेळांवरून आठ आकडी-अक्षरी एक क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकापुढे गाण्यांची नावं लिहून ठेवायची. आता नावं कोण लिहिणार? तर ज्याच्या हातात ती सीडी आणि तिचा कागद आहे तो! त्यानं एकदा बारा नावं टाईप करायची आणि ई-मेलनं पाठवून द्यायची. मग जगात कुणीही तीच सीडी घातली की नावं हजर. पुढे स्टीव्ह शर्फ या साथीदाराबरोबर कान यानं ही यादी इंटरनेटवर आणली. तिचं नाव सीडीडीबी.

मला या कल्पनेचं अजूनही फार कौतुक वाटतं. एकानं दहा मिनिटं बसून टाईप करायचं आणि मग लाखो लोकांची दहा-दहा मिनिटं वाचायची. टाईप करणाऱ्याला त्याचे पैसे नाहीत, नाव नाही, कुणी आभारही मानत नाही. पण त्यालाही दुसऱ्यांनी टाईप केलेलं फुकट मिळतंच की. गावात एकमेकांच्या शेतावर राबायला जायची पद्धत असते ना, तशी ही इंटरनेटवरची सावड.

आणि मग व्हायचं ते झालं. १९९८ साली सीडीडीबी विकली गेली. २००० साली तिचं नाव ग्रेसनोट झालं. २००१ साली नियम आला, की परवाना घेतलेल्या सॉफ्टवेअरलाच ही यादी वापरता येईल. ज्यांनी रात्री जागून सीड्या टाईप केल्या होत्या त्यांना काय वाटलं असेल? धान्य आपण सगळ्यांनी आणून टाकलं आणि कणगीला कुलूप मात्र एकाचं! (कंपनीचीही बाजू होती. सर्व्हरला पैसे लागतात, चुका निस्तरायला माणसं लागतात. पण तरी...) पुढे हीच कंपनी २००८ साली सोनीनं सुमारे २६ कोटी डॉलरला घेतली. २०१४ साली ती ट्रिब्यूनकडे गेली आणि २०१७ साली नील्सननं तिच्यासाठी ५६ कोटी डॉलर मोजले. अर्थात तोवर कंपनीनं आणखीही पुष्कळ उद्योग वाढवले होते. पण पाया होता तो लोकांनी फुकट टाईप केलेल्या नावांचाच.

लोक मात्र गप्प बसले नाहीत. आधी खुली असलेली माहिती घेऊन 'फ्रीडीबी' उभी राहिली आणि २०२० पर्यंत चालली. रॉबर्ट के यानं 'म्युझिकब्रेन्झ' सुरू केलं. पुढे त्यासाठी एक ना-नफा संस्था झाली आणि मूळ माहिती सगळ्यांसाठी कायमची मोकळी ठेवली गेली. म्हणजे कुलूप लागलं की लोक पुन्हा पहिल्यापासून कणगी भरायला घेतात. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे व्हिडिओच्या बाबतीतही असंच झालंय.

*

दरम्यान एमपी३ आल्या. सीडीला निदान अंगठ्याचा ठसा होता, एमपी३ फाईलला तोही नव्हता. १९९६ साली एरिक केम्प यानं तोडगा काढला, की फाईलच्या शेपटीला १२८ अक्षरांची एक चिठ्ठी चिकटवायची. तिचं नाव आयडी३. सुरुवातीला 'टॅग' ही तीन अक्षरं, मग गाण्याचं नाव ३० अक्षरांत, गायक ३०, अल्बम ३०, साल ४, शेरा ३० आणि संगीताचा प्रकार एका आकड्यात. बेरीज करून बघा, बरोबर १२८ भरते.

आता यात आपण कुठे बसतो बघा. एक तर तीस अक्षरं ती रोमन. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला तीन जागा लागतात, काना-मात्रांना वेगळ्या. समजा हट्टानं 'अशी ही बनवाबनवी' असं त्या चिठ्ठीत कोंबलंच, तर ते 'अशी ही बनवा' इथे तुटतं. मोजून बघा, खरंच!

दुसरं म्हणजे प्रकार. यादीत ऐंशी प्रकार होते, त्यात ब्लूज होतं, डिस्को होतं, ग्रंजसुद्धा होतं. भावगीत नाही, नाट्यगीत नाही, अभंग नाही, लावणी नाही. आपल्यासाठी बारावा आकडा, 'इतर'.

आणि तिसरं सगळ्यांत मोठं. 'गायक' आणि 'अल्बम' हे दोन रकाने झाले, पण मराठी गाणं आपण असं कुठे लक्षात ठेवतो? आपण विचारतो, शब्द कुणाचे, चाल कुणाची, राग कुठला, कुठल्या नाटकातलं? त्या चिठ्ठीत कवीला जागाच नव्हती. नंतरच्या आवृत्त्यांत ती आली, पण भरणार कोण हा प्रश्न राहिलाच. रकाना जो आखतो तो आपल्या घरातल्या वस्तूंच्या मापानं आखतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, पण आपली वस्तू बाहेर राहते हेही खरं.

*

सिनेमाची गोष्ट याला समांतर चालूच होती. इंग्लंडमध्ये कॉल नीडहॅम नावाचा एक सिनेमावेडा माणूस स्वतः पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवायचा. यूझनेटवर सिनेमावाल्यांचा एक गट होता. तिथे वेगवेगळे लोक वेगवेगळ्या याद्या सांभाळत होते, कुणी नटांची, कुणी नट्यांची, कुणी दिग्दर्शकांची. १७ ऑक्टोबर १९९० या दिवशी नीडहॅमनं त्या याद्यांमध्ये शोध घेता येईल असे छोटे प्रोग्रॅम त्या गटावर टाकले. हीच आयएमडीबीची सुरुवात. १९९८ साली ती ॲमेझॉननं विकत घेतली. साल लक्षात आलं का? सीडीडीबी विकली गेली तेच.

म्हणजे सिनेमांची यादी तयार होती. पण आपल्या डिस्कवरची फाईल आणि त्या यादीतली ओळ यांची गाठ कुणी घालायची? १९९२ साली आलेल्या एव्हीआय प्रकारच्या फायलींमध्ये नाव लिहायला थोडी जागा होती, पण ती जवळजवळ कुणी वापरलीच नाही. लोकांनी सगळं फाईलच्या नावातच कोंबलं. सिनेमाचं नाव, मग टिंब, मग साल, मग टिंब, मग प्रत कशी आहे ते. मालिकांसाठी 'एस०१ई०२', म्हणजे पहिला हंगाम, दुसरा भाग. (या फायली कुठून यायच्या हे विचारायचं नाही असा तेव्हा सभ्य संकेत होता.) शिस्त कुणी लावली नव्हती, पण लागली. आणि शिस्त लागली की यंत्राला वाचता येतं.

ते वाचणारं यंत्र निघालं एका खेळण्यातून. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स २००१ साली आला, गेम खेळायला. हौशी मंडळींनी तो उघडला, त्यात खटपटी केल्या आणि त्यावर सिनेमे चालवायचा प्रोग्रॅम लिहिला. २००४ साली त्याची 'एक्सबीएमसी' नावानं पहिली पक्की आवृत्ती आली. त्या एक्सबॉक्सची मेमरी होती ६४ एमबी! त्यातूनच २००८ साली प्लेक्सची शाखा फुटली, आणि मूळ प्रोग्रॅमचं नाव २०१४ साली कोडी झालं.

या मंडळींनी 'स्क्रेपर' नावाचा प्रकार आणला. मराठीत सांगायचं तर खरवड काढणारा. तो फाईलचं नाव वाचतो, टिंबं आणि नको ते शब्द काढतो, उरलेलं नाव आणि साल घेऊन एखाद्या संकेतस्थळावर जातो आणि तिथल्या पानावरून हवी ती माहिती खरवडून आणतो. पानाची मांडणी बदलली की खरवड बंद. म्हणून मग लोकांनी यंत्राला थेट विचारता येईल अशाच याद्या बनवायला घेतल्या. मालिकांसाठी 'द टीव्हीडीबी' २००६ साली आणि सिनेमांसाठी 'टीएमडीबी' २००८ साली. टीएमडीबीची सुरुवात तर निव्वळ घरच्या टीव्हीवर चांगली, मोठी पोस्टरं दिसावीत एवढ्यासाठी झाली होती. दोन्हीकडे भरणारे हात पुन्हा आपलेच, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांचे.

सबटायटलवाल्यांनी तर नावाचाही नाद सोडला. 'ओपनसबटायटल्स'वाले फाईलची एकूण लांबी घेतात, तिचे पहिले ६४ केबी आणि शेवटचे ६४ केबी घेतात आणि त्यावरून एक आकडा काढतात. फाईलचं नाव 'कखग' ठेवा, तरी ती बरोबर ओळखली जाते. सीडीच्या अंगठ्याच्या ठशाचा हा नातूच म्हणायचा.

आणि कुलपाचं? एम्बी नावाचा असाच एक खुला प्रोग्रॅम होता. त्यानं २०१८ साली आपला कोड बंद केला, तेव्हा त्याच डिसेंबरमध्ये लोकांनी आधीचा खुला कोड घेऊन जेलीफिन सुरू केलं. सांगितलं होतं ना, कणगी पुन्हा भरायला घेतात म्हणून.

*

आता मराठी सिनेमा टाकून बघा. गंमत तिथे सुरू होते.

बनवाबनवी १९८८चा. फाईलचं नाव रोमनमध्ये असतं. त्यातला 'व' व्ही-नं लिहायचा की डब्ल्यू-नं? शेवटची वेलांटी आय-नं की डबल ई-नं? बनवा आणि बनवी जोडून की सोडून? नुसतं एवढंच धरलं तरी डझनभर स्पेलिंगं होतात. यंत्राला त्यातलं जे यादीत आहे तेवढंच ठाऊक. बाकीची पर्यायी नावं म्हणून कुणी भरली असतील तर ठीक.

प्रभातच्या सिनेमांचं तर विचारूच नका. 'कुंकू' १९३७चा आणि त्याची हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' त्याच वर्षीची. 'माणूस' आणि 'आदमी' दोन्ही १९३९चे. 'शेजारी' आणि 'पडोसी' दोन्ही १९४१चे. दिग्दर्शक एकच, कथा एकच, साल एकच. 'पिंजरा'ची तर दोन्ही भाषांत नावंही एकच. वाचवतं ते साल, मराठी १९७२चा आणि हिंदी त्याच्या पुढच्या वर्षीचा. म्हणूनच जाणकार सांगतात, की फाईलच्या नावात कंसात साल लिहाच.

मालिकांमध्ये 'हंगाम' हा रकानाच आपला नाही. 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांहून जास्त भाग झाले. त्यांचा पहिला हंगाम कुठे संपतो, सांगा बरं! आपल्याकडे हंगाम आंब्याचा असतो. मालिका बारमाही.

तरीसुद्धा आज एखादा जुना मराठी सिनेमा टाकला आणि देवनागरी नावासकट पोस्टर आलं, की मी क्षणभर थांबते. कारण हे आपोआप आलेलं नाही. कुणीतरी एका संध्याकाळी बसून हे भरलंय. आपल्या भाषेतलं माणूस, कदाचित पुण्यातलं, कदाचित न्यू जर्सीतलं. आत्या भेटली!

*

आता मुख्य मुद्दा. डिस्कवरचे सिनेमे आणि मालिका बाजूला ठेवल्या तर उरतं काय? लग्नं, मुंजी, बारशी, सहली, गणपती, कुणाची साठी, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन. आमच्या घरी हाच भाग मोठा आहे. तुमच्याकडेही असेल.

या फायलींची नावं बघा. व्हिडिओ सीडीचा प्रकार १९९३ साली ठरला. आपल्याकडे शूटिंगवाले लग्नाची सीडी द्यायचे ती हीच. तिच्यात 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात फाईल 'एव्हीएसईक्यू०१.डॅट'. दादाचं लग्न एव्हीएसईक्यू०१, ताईचं लग्न एव्हीएसईक्यू०१, आणि नगरच्या काकांकडची वास्तुशांतही एव्हीएसईक्यू०१! सीडीवर मार्कर पेननं लिहिलेलं असतं तोवर ठीक. एकदा डिस्कवर घेतली की मार्कर मागे राहतो.

मग डिजिटल कॅमेरे आले. त्यांच्या नावांचा नियम म्हणजे चार अक्षरं आणि चार आकडे, ०००१ ते ९९९९. दहा हजारावा काढला की पुन्हा ०००१. मग मोबाईल आले, त्यांनी निदान नावात तारीख घातली. पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाईलच्या नावात बहुधा ती आपल्याकडे आल्याची तारीख असते, शूटिंगची नव्हे. काकूंनी २०१६ साली पाठवलेला २००९चा गणपती २०१६चा होऊन बसतो.

आणि तारखांची सगळ्यांत मोठी मौज एमपी४ची. या प्रकारात फाईल केव्हा बनली ते १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजून लिहितात. जुन्या मॅकिंटॉशची ही रीत पुढे आली. रूपांतर करताना त्या जागी शून्य पडलं, की काही सॉफ्टवेअरं सरळ १९०४ साल दाखवतात. आमच्याकडे एक मुंज १९०४ची आहे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. म्हणजे त्यांच्या नऊ वर्षं आधी आमच्या घरात रंगीत मुंज चित्रित झाली, आणि तीही पाठीमागे सनईची कॅसेट लावून!

इथे स्क्रेपर काय करणार? जगात कुठल्याही यादीत आपली मुंज नाही. न्यू जर्सीतल्या कुणा अनोळखी माणसानं ती टाईप केलेली नाही, करणारही नाही. या फायलींच्या आत्या म्हणजे अक्षरशः आपल्याच आत्या.

आता कुणी म्हणेल, हल्ली एआय आहे की. आहे, आणि कामाचंही आहे. चेहरे ओळखून गट करायची सोय घरगुती सॉफ्टवेअरमध्ये २००९च्या आसपास आली, २०१५ साली गूगल फोटोज आलं आणि ती सर्रास झाली. २०२२ साली आलेलं 'व्हिस्पर' मराठी बोलणंही लिहून काढतं (पंगतीतल्या गोंगाटात फारसं नाही!). यंत्र सांगू शकतं, की हाच चेहरा एकवीस व्हिडिओंत आहे. पण मग ते पुढे काय विचारतं? "हे कोण?" तिथे एक रिकामी चौकट असते आणि ती आपणच भरायची असते. १९९३ सालच्या एक्सएमसीडीपासून आजपर्यंत यंत्रं इतकी पुढे गेली, पण त्या चौकटीला अजून पर्याय निघालेला नाही.

आमच्याकडच्या एका लग्नाच्या सीडीत पंगतीचा एक तुकडा आहे. हिरव्या नऊवारीतल्या एक बाई जेमतेम चार सेकंद दिसतात, वाढताना. आमच्या पिढीतल्या कुणालाच त्या ठाऊक नव्हत्या. सासूबाईंना दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, "ह्या दौंडच्या वहिनी. नात्यातल्या नव्हेत. तुझे सासरे आजारी होते तेव्हा चार महिने ह्यांच्या घरून डबा यायचा." मग बराच वेळ त्या वहिनींबद्दलच बोलत राहिल्या.

आता हे कुठल्या रकान्यात बसवायचं? यंत्रानं फार तर 'स्त्री, साडी, हिरवा रंग, जेवण' असं लिहिलं असतं, आणि त्यात काही चूकही नव्हती. पण त्या चार सेकंदांत आहे ती आमच्या घरावरची उपकाराची गोष्ट. ती जगात एकाच माणसाला माहीत होती आणि ते माणूस ब्याऐंशी वर्षांचं आहे. सासूबाईंना त्या दिवशी विचारलं नसतं, तर चित्र राहिलं असतं आणि गोष्ट गेली असती.

*

आपल्याला ही विद्या नवीन नाही हं. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला कुणी गेलं की तीर्थोपाध्ये आडनाव आणि मूळ गाव विचारतात आणि नामावळीच्या वहीतून पणजोबांचं नाव काढून दाखवतात. तेव्हा आपण असेच चकित होतो, "ह्यांना कसं कळलं?" उत्तर तेच आहे. पणजोबा तिथे आले होते तेव्हा त्यांनी सांगून ठेवलं होतं. वही नुसती सांभाळली गेली, गाव आणि आडनावाच्या क्रमानं. आणि निघताना ती वही आपल्यापुढेही सरकवतात, आपली नावं लिहून घ्यायला. आधीच्यांनी लिहिलेलं मोफत वाचायचं आणि जाताना पुढच्यांसाठी चार ओळी लिहायच्या. सीडीडीबीचा करार याहून वेगळा काय होता?

तर मंडळी, गृहपाठ. फार अवघड नाही.

फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, मग गाव आणि प्रसंग. या क्रमानं लिहिलं की फायली आपोआप काळाच्या ओळीत लागतात, कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. (हा क्रम १९८८ सालीच आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरला आहे, माझं काही डोकं नाही त्यात.) दिवस आठवत नसेल तर नुसतं वर्ष चालेल. 'दिवाळीच्या आधी' एवढंही चालेल.

प्रत्येक व्हिडिओशेजारी त्याच नावाची एक साधी टेक्स्ट फाईल ठेवा. कोण दिसतं, कितव्या मिनिटाला, कुणाच्या घरी. ही कल्पनाही कोडीवाल्यांचीच, तेसुद्धा माहिती अशाच शेजारच्या फाईलमध्ये ठेवू देतात. कोडी उद्या राहील न राहील, साधी टेक्स्ट फाईल कशातही उघडते. आणि देवनागरीत लिहा. आता तीस अक्षरांची अट राहिलेली नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा, व्हिडिओ लावा आणि आपल्या मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. मधेमधे थांबवून विचारा, "हे कोण?" नावं नंतर सावकाश लिहून काढता येतील. रोज अर्धा तास पुरे. त्यांनाही बरं वाटतं, हे मी आमच्या घरी बघितलंय.

आमच्याकडे अशा अठ्ठेचाळीस फायली आहेत. पैकी एकोणीस झाल्या, एकोणतीस उरल्यात. त्यातल्या सात फायलींमध्ये सासूबाईंनासुद्धा अर्धेअधिक चेहरे ओळखू येत नाहीत, कारण ते लग्न साताऱ्याच्या बाजूचं आहे. तेव्हा साताऱ्याच्या मंडळींनो, हे वाचत असाल तर येत्या मे महिन्यात आम्ही डिस्क घेऊन तुमच्याकडे येतोय. मोठ्या आत्यांना सांगून ठेवा, आणि त्यांचा चष्मा शोधून ठेवा.